बडगामहून माघार का घेतली नाही?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण नववीच्या वर्गाला परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा यांची हकीकत सांगितली. १९४७ साली काश्मीरमध्ये झालेली बडगामची लढाई, सातपट शत्रू, प्लास्टरमधला डावा हात आणि "एक इंचही मागे हटणार नाही" हा शेवटचा संदेश, हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, बाजीप्रभूंना तोफांचा आवाज ऐकू येणार होता. मेजर शर्मांना कशाची वाट पाहायची होती? ते मागे आले असते तर सगळे वाचले असते ना?" वर्ग हसला. आपण त्याला गप्प केले नाही, पण उत्तरही सुचले नाही, आणि आता हे शौर्य होते की हट्ट, हा प्रश्न आपल्यालाच पडला आहे.

मी पायदळात सव्वीस वर्षे काढली आणि त्यांतली काही वर्षे तरुण अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यात गेली. बडगामची लढाई मी सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उठवलेल्या नकाशावर, कितीदा मांडली असेल याची मोजदाद नाही. दरवर्षी कोणी ना कोणी सेकंड लेफ्टनंट हाच प्रश्न जरा वळसा घालून विचारत असे: "सर, माघारीचा पर्याय विचारात घेतला गेला होता का?" आपल्या विद्यार्थ्याने तो वळसा घातला नाही, एवढाच फरक. बाजीप्रभूंचे उदाहरण देऊन त्याने नेमकी दुखरी नस पकडली आहे, म्हणून त्याच्या प्रश्नाकडे मी शेवटी पुन्हा येईन.

शौर्य की हट्ट असे दोन पर्याय समोर ठेवले की आपण माणसाच्या स्वभावाबद्दल बोलू लागतो आणि लढाईबद्दल बोलायचे राहून जाते. पायदळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारतात. त्या दिवशी, त्या वेळेला, त्या जागेची किंमत काय होती? ती किंमत तिथल्या अधिकाऱ्याला ठाऊक होती का? आणि ठाऊक असेल, तर ती चुकवण्यासाठी त्याने आपली माणसे, आपला दारूगोळा आणि स्वतःला कसे वापरले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की हट्टाचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

हे परिस्थितीवर अवलंबून असते, ते मात्र आधीच कबूल करतो. माघार घेणे हे लष्करात पाप नाही. ती शिकवली जाते, तिचा सराव करून घेतला जातो आणि वेळेवर घेतलेली माघार अनेकदा लढाई जिंकून देते. हाच अधिकारी, हीच कंपनी आणि हाच शत्रू काश्मीर खोऱ्यातल्या दुसऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या गावाबाहेर असता आणि तिथे शर्मांनी शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली असती, तर मी वर्गात ती चूक म्हणूनच दाखवली असती. गंमत अशी, की त्या दिवशी त्यांच्या वाट्याला आलेले कामही टिकून राहण्याचे नव्हतेच. त्यांना लढाऊ गस्तीवर पाठवले होते. जायचे, पाहायचे, शत्रू दिसला तर त्याला हटकायचे आणि दुपार उलटली की परत यायचे, असा तो हुकूम होता. गस्तीवर गेलेल्या कंपनीला माघारीची वाट मोकळीच असते. ती वाट शर्मांनी का वापरली नाही हे समजायचे, तर आधीचे दहा-बारा दिवस पाहावे लागतात.

२२ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानातून आलेले सशस्त्र पठाण टोळीवाले मुझफ्फराबादच्या बाजूने काश्मीरमध्ये घुसले. काश्मीरच्या संस्थानी फौजेचे प्रमुख ब्रिगेडियर राजिंदर सिंह मूठभर सैनिक घेऊन उरीकडे धावले. शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढा, असा महाराजांचा त्यांना हुकूम होता. त्यांनी उरीचा पूल उडवला, शत्रूला अडवत अडवत मागे सरकले आणि त्याच वाटेवर पडले. २६ तारखेला महाराजा हरिसिंहांनी भारतात सामील होण्याच्या करारावर, म्हणजे सामीलनाम्यावर, सही केली आणि २७ तारखेच्या सकाळी १ शीख पलटणीची पहिली तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय विमानतळावर थांबून राहिले नाहीत. शत्रूला श्रीनगरपासून जितक्या दूर अडवता येईल तितके बरे म्हणून ते थेट बारामुल्ल्याच्या दिशेने गेले आणि तिथल्या लढाईत मारले गेले. दोघांनाही पुढे मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. मुलांना या दोघांची नावे अवश्य सांगा, कारण शर्मांची लढाई ही त्या साखळीतली तिसरी कडी आहे. उरी, बारामुल्ला, बडगाम या तिन्ही ठिकाणी थोड्या माणसांनी मोठ्या जमावाला काही तास किंवा काही दिवस अडकवून ठेवले, आणि तिन्ही ठिकाणचा अधिकारी परत आला नाही.

हे तास इतके महाग का होते? कारण श्रीनगरचा विमानतळ. जम्मूहून बनिहालमार्गे येणारा रस्ता लांबचा आणि अवघड, हिवाळा तोंडावर आलेला, त्यामुळे खोऱ्यात लढणारा प्रत्येक जवान, त्याच्या बंदुकीतली प्रत्येक गोळी आणि त्याच्या ताटातले पीठसुद्धा त्या एका धावपट्टीवर उतरत होते. डाकोटाच्या एका फेरीत वीस-पंचवीस माणसे येत. अशा फेऱ्यांवर फेऱ्या करून एक ब्रिगेड उभी राहत होती. धावपट्टीवर उखळी तोफांचे चार गोळे पडू लागले असते, तरी विमाने उतरणे थांबले असते. मग आधी उतरलेल्या पलटणी खोऱ्यात अडकल्या असत्या आणि श्रीनगर वाचवण्यासाठी नवी फौज आणायला दारच उरले नसते. बडगाम या विमानतळाच्या पश्चिमेला काही मैलांवर आहे. दोघांच्या मधल्या वाटेवर हुमहामा. शर्मांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात, म्हणजे पदकासोबतच्या अधिकृत नोंदीत, त्याचे स्पेलिंग वेगळे पडल्यामुळे काही मराठी पुस्तकांत ते ‘हम होम’ असे छापलेले दिसते. गाव तेच.

शर्मांच्या पलटणीचे, ४ कुमाऊंचे, जवान ऑक्टोबरच्या अखेरीस श्रीनगरला उतरले. १६१ ब्रिगेडची सूत्रे ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्याकडे नुकतीच आली होती आणि टोळीवाले मुख्य रस्ता सोडून आडवाटेने विमानतळाकडे येत असावेत, अशी त्यांना शंका होती. म्हणून ३ नोव्हेंबरच्या पहाटे बडगामच्या दिशेने गस्त निघाली. दुपारपर्यंत फारशी हालचाल दिसली नाही, तेव्हा बाकीच्या तुकड्यांना परत बोलावण्यात आले आणि शर्मांची डी कंपनी एकटी मागे राहिली. तीही थोड्या वेळात निघणारच होती.

हल्ला झाला तो या मधल्या वेळात. आधी गावातल्या घरांतून गोळ्या येऊ लागल्या. ब्रिगेडच्या बाजूने जे वृत्तांत लिहिले गेले त्यांत असे आहे, की आत निरपराध माणसे असतील म्हणून शर्मांनी गावावर उलट गोळीबार करण्याचे टाळले. मला हा तपशील नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. ज्याचे डोके त्या क्षणी संतापाने किंवा हट्टाने चालत असते, तो असा हिशेब करत नाही. मग पश्चिमेच्या उताराकडून मुख्य लोंढा आला आणि पाहता पाहता कंपनीला तीन बाजूंनी घेरण्यात आले. शत्रूकडे उखळी तोफा होत्या.

आता माघारीचा पर्याय खरोखर तपासून पाहू. मुलाचे म्हणणे असे, की मागे आले असते तर सगळे वाचले असते. ज्याने प्रत्यक्ष माघारीचा सराव केला आहे तो हे मान्य करणार नाही. शत्रूशी गाठ पडलेली असताना दिवसाउजेडी मागे सरकणे हे पायदळाच्या कामांतले सर्वांत कठीण काम आहे. कंपनीतली एक प्लाटून, म्हणजे एक तुकडी, गोळीबार करून शत्रूचे डोके खाली ठेवते, दुसरी मागे पळते, थांबते, वळते, मग ती गोळीबार करते आणि पहिली मागे येते. यासाठी मागे पाय रोवायला जागा लागते, जखमींना उचलायला माणसे लागतात आणि निदान एक बाजू तरी मोकळी लागते. तीन बाजूंनी वेढा, मागे उघडी जमीन आणि शत्रू सातपट अशा स्थितीत मागे वळलेली कंपनी बहुधा उठलेल्या माणसांचा घोळका होऊन जाते. लढाईत जास्तीत जास्त माणसे पाठ फिरवल्यावर पडतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आणि त्या घोळक्याच्या पाठोपाठ, त्याच वाटेने, टोळीवाले हुमहामाला आणि तिथून धावपट्टीवर पोचले असते. म्हणजे माणसेही गेली असती आणि विमानतळही. शर्मांपुढे ‘मरावे की जगावे’ अशी निवड नव्हती. त्यांच्या माणसांचे प्राण कुठे खर्ची पडणार, बडगामला की हुमहामाच्या वाटेवर पळताना, एवढीच निवड होती.

त्यांना हे कळले होते याचा पुरावा काय? मानपत्रात स्पष्ट म्हटले आहे, की परिस्थितीचे गांभीर्य आणि विमानतळाला व श्रीनगरला असलेला थेट धोका त्यांनी पूर्णपणे ओळखला होता. मानपत्रे नंतर लिहिली जातात, त्यात थोडा अलंकार असतो, हे मी जाणतो. म्हणून मी त्यांच्या शेवटच्या संदेशाकडे जास्त पाहतो. तो साधारण असा आहे: शत्रू आमच्यापासून फक्त पन्नास यार्डांवर आहे, आमची संख्या फारच कमी पडते आहे, आमच्यावर विध्वंसक मारा चालू आहे, मी एक इंचही मागे हटणार नाही, शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढेन. शाळेत आपण या संदेशाचे शेवटचे वाक्य पाठ करतो आणि पहिली तीन सोडून देतो. वायरलेसवर बसलेल्या ब्रिगेड कमांडरच्या दृष्टीने पाहिले, तर पहिली तीन वाक्ये हा शिस्तशीर अहवाल आहे: अंतर, प्रमाण आणि माऱ्याची तीव्रता. चौथे वाक्य हे त्या अहवालाला जोडलेला अधिकाऱ्याचा इरादा आहे. त्याचा अर्थ असा, की बडगामची जागा अजून काही वेळ टिकणार आहे असे धरून आपण पुढची आखणी करा. पन्नास यार्ड म्हणजे शाळेच्या मैदानाची एक बाजू. तेवढ्या अंतरावर शत्रू असताना या क्रमाने बोलता येणे हे माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत मोठे धैर्य आहे. अर्थात हे माझे मत.

आता ज्या गोष्टी त्यांनी प्रत्यक्ष केल्या त्यांकडे वळतो, कारण ‘शूरपणे लढले’ या दोन शब्दांत त्या हरवून जातात. मानपत्रात तीन कृती नोंदवल्या आहेत. ते उघड्या जमिनीवरून एका सेक्शनकडून, म्हणजे आठ-दहा जवानांच्या छोट्या तुकडीकडून, दुसऱ्या सेक्शनकडे धावत राहिले. आपल्या विमानांना लक्ष्य दाखवण्यासाठी त्यांनी कापडी पट्ट्या जमिनीवर अंथरल्या. आणि एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणाऱ्यांना त्यांनी स्वतः मॅगझिने भरून दिली.

पहिली कृती समजायला सोपी आहे. कंपनी विखुरलेली असते, आवाज पोचत नाही, मग कमांडर स्वतः जातो. दुसरीकडे लोकांचे लक्ष कमी जाते. त्या काळी जमिनीवरच्या कंपनीला वरच्या वैमानिकाशी बोलण्याची सोय नव्हती. आपली माणसे कुठे आहेत आणि शत्रू कोणत्या बाजूला आहे, हे वरून दिसेल अशा ठिकाणी मोठ्या कापडी पट्ट्या पसरून दाखवत. आडोशाला पसरलेली पट्टी वरून दिसत नाही, म्हणून ती उघड्यावरच पसरावी लागते. पसरताना वाकावे लागते, कडा दाबून ठेवाव्या लागतात, दिशा नीट करावी लागते, आणि हे सगळे शत्रूच्या डोळ्यांदेखत. डावा हात प्लास्टरमध्ये असताना.

तिसरी कृती मला जवळची, कारण ती मी करून पाहिली आहे. एलएमजी म्हणजे त्या काळची ब्रेन गन, दर सेक्शनला एक, म्हणजे पूर्ण संचाच्या कंपनीत नऊ. तिच्या वर वाकड्या आकाराचे मॅगझीन बसते. त्यात तीस गोळ्या मावतात, पण स्प्रिंग थकू नये म्हणून आम्ही अठ्ठावीसच भरत असू. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कडा असते. भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली की बंदूक ऐन वेळी अडकते. डाव्या हातात मॅगझीन घट्ट धरायचे आणि उजव्या अंगठ्याने एकेक काडतूस दाबत न्यायचे, अशी ती रीत. शेवटची सात-आठ काडतुसे दाबताना अंगठ्याची कातडी सोलवटते. ब्रेनवर दोन माणसे असतात. नंबर एक नेम धरतो आणि नंबर दोन मॅगझीन बदलतो, रिकामी गोळा करतो, भरतो. जलद माऱ्यात एक ब्रेन मिनिटाला चार मॅगझिने रिकामी करते. आता नंबर दोन पडला की काय होते ते पाहा. बंदूक शाबूत, नेम धरणारा शाबूत, गोळ्यांच्या पेट्याही शेजारी, आणि तरी ती बंदूक दोन-तीन मिनिटांत मुकी होते, कारण भरलेले मॅगझीन हाताशी देणारे कोणी नाही. सातपट शत्रूला पन्नास यार्डांवर जे काही रोखून धरत होते, ते या बंदुकांचा अखंड मारा होता. कंपनी कमांडरने खाली बसून मॅगझिने भरावीत हे वरवर पाहता त्याच्या हुद्द्याचे काम नाही. पण माणसे पडल्यामुळे आपल्या एलएमजींचा मारा मंदावतो आहे हे त्यांनी ओळखले, आणि त्या क्षणी कंपनीला ज्या एका गोष्टीची सर्वाधिक गरज होती ती हातात घेतली.

मी तरुण अधिकाऱ्यांच्या डाव्या हाताला बँडेजच्या पट्ट्या गुंडाळून, बोटे बंद करून, त्यांना डमी काडतुसांनी मॅगझीन भरायला लावत असे. मग ते मॅगझीन मांडीत किंवा गुडघ्यांत आवळून धरावे लागते. बहुतेकांची पहिल्या खेपेला दोन-तीन काडतुसे उलटसुलट बसत आणि हसाहस होई. नंतर मी मानपत्रातले पुढचे वाक्य वाचून दाखवत असे: उखळी तोफेचा एक गोळा दारूगोळ्याच्या ढिगावर येऊन पडला, स्फोट झाला आणि मेजर शर्मा त्यात गेले. मॅगझिने भरणारा माणूस दारूगोळ्याशेजारीच बसलेला असणार. वर्ग गप्प होत असे. शर्मा तेव्हा चोवीस वर्षांचे होते, माझ्यासमोर बसलेल्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे.

प्लास्टरबद्दलही आपण विचारले आहे, की जखमी माणसाला पाठवलेच का. त्यांचा हात हॉकी खेळताना मोडला होता आणि त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला गेला होता, पण आपली कंपनी लढाईला निघालेली असताना मागे राहायला ते तयार झाले नाहीत. इथे मी आंधळेपणाने ‘वा’ म्हणणार नाही. मी स्वतः लेफ्टनंट असताना मुरगळलेला पाय लपवून रात्रीच्या गस्तीवर गेलो होतो आणि परतीच्या चढावर सगळ्या प्लाटूनला माझ्या चालीने चालावे लागले. कमांडिंग ऑफिसरने दुसऱ्या दिवशी दिलेली बोलणी अजून आठवतात, आणि ती रास्तच होती. मग शर्मांचे का चालले? कारण परिस्थिती वेगळी होती. ते १९४२ मध्ये याच पलटणीत कमिशन घेऊन आले होते. तेव्हा ती आठवी बटालियन, एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट होती. याच पलटणीबरोबर ते ब्रह्मदेशात अराकानच्या आघाडीवर जपान्यांशी लढले होते. विमानातून उतरून अनोळखी मुलखात थेट लढाईला उभ्या राहणाऱ्या कंपनीला ओळखीचा, कसलेला कमांडर एका हाताचा असला तरी, दोन हातांच्या नवख्यापेक्षा बरा, असा तो निर्णय मला दिसतो. त्यांचे मामा कॅप्टन वासुदेव हेही पायदळातले. मलायात स्लिम नदीवर जपान्यांना रोखून धरताना ते मारले गेले होते. वेळ मिळवून देण्यासाठी जागा धरून ठेवणे म्हणजे काय असते, हे सोमनाथ शर्मांना केवळ पाठ्यपुस्तकातून कळलेले नव्हते.

तरीही या लढाईतली जी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते ती त्यांच्या मृत्यूनंतरची आहे. कंपनी सहा तास लढली आणि त्यातला एक तास कमांडर पडल्यानंतरचा होता, असे मानपत्र नोंदवते. नेता पडला की सैन्य पांगते, याची उदाहरणे आपल्या इतिहासात हवी तेवढी आहेत. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर काय झाले ते आपण वर्गात शिकवतच असाल. बडगामला तसे झाले नाही. ज्या माणसाने तो तास आधी उभा केला होता, तो आता तिथे नव्हता आणि तरी जवान जागेवर होते. अधिकाऱ्याचे मोजमाप कसे करावे असे मला कोणी विचारले, तर मी त्या एका तासाकडे बोट दाखवतो. आणि आपल्या विद्यार्थ्याला हेही सांगा, की उरलेले जवान जवळजवळ पूर्ण वेढले गेल्यावर तिथून निघाले, आणि मानपत्रात तेही लिहिलेले आहे. ‘शेवटचा माणूस, शेवटची गोळी’ हे शब्द अक्षरशः घ्यायचे नसतात. हाती असलेले काम पुरे होईपर्यंत, असा त्यांचा लष्करातला अर्थ आहे. काम पुरे झाले आणि जे निघू शकत होते ते निघाले. त्या दिवशी शर्मांसह एक जेसीओ, म्हणजे सुभेदार-जमादार दर्जाचा कनिष्ठ अधिकारी, आणि सुमारे वीस जवान पडले.

आकड्यांबाबत एक सूचना. मानपत्र शत्रूची संख्या पाचशेच्या आसपास देते, इतर वृत्तांत सातशे म्हणतात. कंपनीने बडगामच्या दक्षिणेला अकरा वाजता मोर्चा घेतला असे मानपत्रात आहे, तर मुख्य हल्ल्याची वेळ इतरत्र अडीचच्या सुमाराची आढळते. लढाईच्या धुमाळीत कोणी घड्याळ आणि वही घेऊन बसलेले नसते, तेव्हा अशा फरकांनी बिचकू नका. वर्गात आकडा देताना तो कुठला आहे एवढे सांगितले की पुरे. सातास एक हे प्रमाण मात्र दोन्ही आकड्यांना झेपते. पाचशेला सातने भागले तर सुमारे सत्तर आणि सातशेला भागले तर शंभर, आणि त्या दिवशी हजर असलेल्या रायफल कंपनीचे बळ याच दोन आकड्यांच्या मधले असणार.

आता बाजीप्रभूंकडे येतो. परंपरेने सांगितली जाणारी घोडखिंडीची कथा आणि बडगाम यांत साम्य आहे ते हे, की दोन्हीकडे जागा धरून ठेवणे हे साधन होते आणि मिळवायची होती ती वेळ. फरक मुलाने बरोबर हेरला आहे. बाजीप्रभूंना काम संपल्याची खूण ठरवून दिलेली होती, विशाळगडावरच्या तोफा. शर्मांना अशी खूण कोणी दिलेली नव्हती, कारण सकाळी निघताना हे काम त्यांना सांगितलेच नव्हते. ते त्यांनी दुपारी स्वतः ओळखले, स्वतः अंगावर घेतले आणि वायरलेसवरून वर कळवले. वाट कशाची पाहत होते? हुमहामाला आपली कुमक पोचून मोर्चे बांधून होण्याची. ती पोचली. ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांचा पार धुव्वा उडाला आणि दुसऱ्या दिवशी बारामुल्ला परत मिळाले. बडगाम आणि शालटेंग यांच्यामध्ये चार दिवस आहेत. त्या चार दिवसांत धावपट्टीवर विमाने उतरत राहिली आणि बनिहाल ओलांडून चिलखती गाड्याही श्रीनगरला पोचल्या.

वर्गात रस वाढवायचा असेल तर आणखी एक धागा आपल्या मराठी मुलांना आवडेल. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या परमवीर चक्राचे पदक सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटले. मूळच्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. दधीचीने आपली हाडे दिली आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा मुलांना माहीत असतेच. त्या पदकाचे पहिले मानकरी ठरलेले सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते.

त्यांचा देह काही दिवसांनी मिळाला, तो पिस्तुलाच्या चामडी होल्स्टरवरून आणि छातीच्या खिशातल्या गीतेच्या पानांवरून ओळखला गेला. हे वर्गात सांगायचे की नाही ते मुलांचे वय पाहून आपण ठरवा. त्या मुलासाठी मात्र फळ्यावर तीनच ठिपके काढा: पश्चिमेला बडगाम, मध्ये हुमहामा, मग विमानतळ. त्याला खडू देऊन पुढे बोलवा, बडगामपासून धावपट्टीपर्यंत रेघ ओढायला सांगा, आणि ३ नोव्हेंबरच्या दुपारी हल्ला सुरू झाला त्या क्षणी त्या रेघेवर शर्मांच्या कंपनीशिवाय दुसरे कोण उभे होते, ते त्यालाच शोधायला सांगा.